तेलविहिरींतील स्केल आणि जिवाणू : निवड, मात्रा आणि देखरेख

उत्तर समुद्रातील मिलर या तेलक्षेत्रात एका विहिरीचे उत्पादन दिवसाला सुमारे ३०,००० पिंपांवरून अवघ्या २४ तासांत शून्यावर आल्याची नोंद आहे. तेलउद्योगात ज्याला सरसकट ‘स्केल’ म्हणतात तो खनिज क्षारांचा थर आत साचला, एवढेच त्यामागचे कारण होते. जिवाणूंच्या साहाय्याने स्केल आटोक्यात ठेवण्याविषयीच्या लेखात हे उदाहरण पहिल्यांदा देण्याचे कारण असे की, त्या विहिरीला जिवाणूंचा काहीही उपयोग झाला नसता. मिलर क्षेत्र बेरियम सल्फेटसाठी कुप्रसिद्ध होते, आणि तो थर कामाला येईल इतक्या वेगाने विरघळवणारा जिवाणू आजही कोणाकडे नाही.

उत्पादन अभियंते, तेलक्षेत्रातील रसायनतज्ज्ञ आणि या विषयाकडे वळू पाहणारे सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. त्याचा गाभा असा की, साचलेला थर खरवडून काढणे हे जिवाणूंचे काम नव्हे; पाण्यात काय घडते आणि काय घडत नाही यावर त्यांचा ताबा चालतो. म्हणून ते बहुतांशी प्रतिबंधासाठी वापरावेत, तेही ठरावीक प्रकारच्या स्केलवर आणि ठरावीक तापमानाच्या विहिरींत.

थर कशाचा आहे, हे आधी ठरवावे

स्केलचे पाच-सहा प्रकार नेहमी भेटतात : कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम, स्ट्राँशियम सल्फेट, बेरियम सल्फेट, लोहाचे सल्फाइड आणि लोहाचे कार्बोनेट. वायुविहिरींत याशिवाय साधे मीठही साचते, पण त्यावर गोड्या पाण्याने धुणे हाच स्वस्त उपाय असल्यामुळे तेथे जिवाणूंचा विचारच करू नये. प्रत्येक प्रकाराची विद्राव्यता वेगळी आहे. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सियसला जिप्सम लिटरमागे दोन ग्रॅमहून अधिक विरघळते, तर बेरियम सल्फेट जेमतेम अडीच मिलिग्रॅम. जवळजवळ हजारपटींच्या या फरकावरून कोणत्या थराला कोणता उपाय लागू पडेल याचा पहिला अंदाज येतो.

ट्यूबिंग (तेल वर आणणारी नळी) बाहेर काढताना, वायरलाइनच्या (विहिरीत तारेने सोडलेल्या) साधनावर किंवा सेपरेटरच्या (तेल, पाणी व वायू वेगळे करणाऱ्या पात्राच्या) तळाशी मिळालेला नमुना हवाबंद बाटलीत त्याच विहिरीच्या पाण्याखाली ओला ठेवावा. लोहाचे सल्फाइड कोरडे पडून हवेच्या संपर्कात आले, तर आपोआप पेट घेऊ शकते. सल्फेटच्या थरात रेडियम अडकलेले असण्याची शक्यता असते. म्हणून नमुना कापण्यापूर्वी किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र त्यावरून फिरवावे आणि वाचन पार्श्वभूमीपेक्षा वर गेले, तर पुढची हाताळणी अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमांनुसारच करावी.

त्यानंतरची चाचणी सोपी आहे. वायू ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये) एक-दोन ग्रॅम नमुन्यावर १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे. जोराने फसफसून नमुना विरघळला, तर तो प्रामुख्याने कार्बोनेट आहे. काळा नमुना आम्लात विरघळून हायड्रोजन सल्फाइड सोडू लागला, तर ते लोहाचे सल्फाइड आहे. मात्र ही खात्री मापकावरून करावी, नाकाने नव्हे, कारण हवेत दशलक्ष भागांत शंभरच्या आसपास हा वायू असला की वास येणेच बंद होते आणि तीच पातळी जिवाला धोका पोहोचवणारी असते. काहीही न विरघळता पांढरी जड पूड तळाशी राहिली, तर बेरियम सल्फेट किंवा वाळू समजावी आणि क्ष-किरण विवर्तनाने खात्री करून घ्यावी. थरावर मेणाचा किंवा डांबरासारख्या जड तेलाचा लेप असेल, तर आधी झायलिनसारख्या द्रावकाने तो काढावा. नाहीतर आम्ल आतपर्यंत पोहोचत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

पाण्याचा हिशोब

स्केल का साचतो, याची कारणे मोजकी आहेत. तेलासोबत येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते. विहिरीत दाब उतरला की कार्बन डायऑक्साइड निसटतो, पाण्याचा सामू चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते. ते तापमान वाढले की कमी विरघळते, म्हणूनच गिझरच्या तापलेल्या कॉइलवर तोच पांढरा थर बसतो. सल्फेटचे स्केल दोन न जुळणारी पाणी एकत्र आल्याने होते : समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असते, आणि खडकातल्या मूळ पाण्यात बेरियम किंवा स्ट्राँशियम असेल, तर दोन्हींची गाठ पडताच थर तयार होतो. १९८४ पासून पाणी-इंजेक्शन होत असलेल्या मुंबई हायसारख्या, तेल बाहेर ढकलण्यासाठी समुद्राचे पाणी आत सोडणाऱ्या कोणत्याही क्षेत्रात हा हिशोब आधी मांडावा लागतो. लोहाच्या सल्फाइडचे मात्र निराळे आहे. त्यातला गंधक बहुधा जिवाणूंनीच तयार केलेला असतो.

पाण्याचा नमुना घेताना सामू, बायकार्बोनेट आणि विरघळलेले सल्फाइड जागेवरच मोजावे. बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून जातो, लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि हाती येतो तो विहिरीत कधीच नसलेल्या पाण्याचा अहवाल. लोह व बेरियम यांसाठी वेगळा नमुना गाळून लगेच आम्लयुक्त करावा, सल्फाइडचा नमुना झिंक ॲसिटेट घालून स्थिर करावा, आणि ॲसिटेटसारख्या बाष्पशील सेंद्रिय आम्लांचे प्रमाण आवर्जून मागवावे. नेहमीच्या जल-अहवालात ते नसते. आपल्या कामात मात्र जिवाणूंचे खाद्य किती उपलब्ध आहे हे त्यावरूनच कळते.

या आकड्यांवरून प्रत्येक क्षाराचा संपृक्तता निर्देशांक काढावा. तो शून्याच्या वर असेल, तर तो क्षार बाहेर पडू पाहतो आहे. एकच आकडा काढून थांबू नये. खडकातील परिस्थिती, विहिरीचा तळ, ट्यूबिंगचा मध्य आणि विहिरीचे तोंड अशा निदान चार ठिकाणच्या दाब-तापमानाला गणना करावी, कारण स्केल कोठे पडतो यावर उपाय अवलंबून आहे. विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवरणाऱ्या चोक-व्हाल्व्हमध्ये साचणाऱ्या थरासाठी खडकात जिवाणू सोडणे निरर्थक आहे.

ती जागा जिवाणूंना मानवेल का

थराचा प्रकार अनुकूल निघाला, तर पुढचा प्रश्न तापमानाचा. खडकाचे तापमान ८० अंश सेल्सियसच्या वर गेले की तेथे जिवाणूंची टिकून वाढ होणे दुर्मीळ होते. त्याहून खोल व उष्ण साठ्यांतील तेल जिवाणूंनी खाल्लेले सहसा आढळत नाही, यावरून भूवैज्ञानिकही हीच मर्यादा मानतात. आर्किओग्लोबससारखे उष्णताप्रिय सूक्ष्मजीव ८० अंशांच्या वरही सल्फेट पचवतात हे खरे, पण आपल्याला हवे असलेले काम ते करत नाहीत. व्यवहारात ५० अंशांपर्यंत काम सोपे, ५० ते ७० मध्ये जपून आणि त्यावर जवळजवळ वर्ज्य, अशी विभागणी ठेवावी. समुद्राचे थंड पाणी वर्षानुवर्षे आत सोडल्याने इंजेक्शन-विहिरीभोवतीचा खडक मूळ तापमानापेक्षा बराच थंड झालेला असतो. म्हणून उत्पादन-विहिरीचे तापमान पाहून अख्खे क्षेत्र बाद करू नये.

क्षारतेची मर्यादा साधारण १० टक्क्यांची धरावी. त्यापुढे मीठप्रिय जिवाणू असतात, पण त्यांची वाढ मंद असते. खडकाची पार्यता (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) ५० मिलिडार्सीच्या खाली असेल, तर जिवाणूंच्या पेशी आणि त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ छिद्रांतच अडकतात. स्केल हटवण्याऐवजी आपणच नवा अडथळा तयार केला, असे होते.

तेथे आधीपासून कोण राहते, हेही पाहावे. पाण्याचे ताजे नमुने क्रमशः विरल करून माध्यमात वाढवण्याची पद्धत जुनी असली, तरी अजून कामाची आहे. नेस (NACE) या गंजप्रतिबंधाच्या व्यावसायिक संघटनेच्या टीएम०१९४ या मानकानुसार माध्यमाची क्षारता विहिरीच्या पाण्याइतकी आणि तापमान तेथल्या तापमानाच्या जवळ ठेवावे, आणि सल्फेट-क्षपणक (सल्फेटपासून सल्फाइड तयार करणाऱ्या) जिवाणूंसाठी २८ दिवस वाट पाहावी. याला डीएनए-आधारित मोजणीची जोड द्यावी, कारण साठ्यातील बहुसंख्य जिवाणू बाटलीत वाढतच नाहीत. अनेकदा असे दिसते की, हवे ते जिवाणू विहिरीत आधीच आहेत आणि त्यांना फक्त योग्य खाद्य हवे आहे. स्थानिक वस्तीला खाऊ घालणे हे बाहेरून आणलेली जात रुजवण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे असते. बाहेरची जात लागलीच, तर पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स येथून ओळख पटलेली जात मिळू शकते. ‘खास मिश्रण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक उघड न केलेल्या पिंपावर विसंबू नये.

पहिला मार्ग : नायट्रेट देऊन लोहाचे सल्फाइड रोखणे

सर्व मार्गांत हाच सर्वाधिक पारखलेला आहे. समुद्राच्या पाण्यातील सल्फेट आणि खडकातील सेंद्रिय आम्ले यांवर सल्फेट-क्षपणक जिवाणू पोसले जातात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. पाण्यातले किंवा गंजणाऱ्या पोलादातून सुटलेले लोह त्याला भेटले की काळे सल्फाइड तयार होते, ते तेलाने माखून चिकट बनते, इंजेक्शन-विहिरीचे तोंड बुजवते आणि सेपरेटरमध्ये तेल-पाणी वेगळे होऊ देत नाही. पाण्यात नायट्रेट मिसळले की नायट्रेट-क्षपणक जिवाणू तेच खाद्य अधिक वेगाने संपवतात, कारण नायट्रेटपासून त्यांना जास्त ऊर्जा मिळते. त्यांच्यापैकी काही जण तयार झालेले सल्फाइडही ऑक्सिडीकृत करतात. शिवाय वाटेत तयार होणारे नायट्राइट सल्फेट-क्षपणक जिवाणूंचे एक महत्त्वाचे विकर थेट रोखते. ५० अंशांच्या वर नायट्रेटचे क्षपण बहुधा नायट्राइटपाशीच थांबते, आणि तेथे हा शेवटचा परिणामच मुख्य ठरतो.

नॉर्वेच्या वेस्लेफ्रिक आणि गुलफाक्स या क्षेत्रांत १९९९ पासून ग्लुटारॲल्डिहाइड या जिवाणूनाशकाऐवजी इंजेक्शनच्या पाण्यात नायट्रेट देण्यात आले आणि सल्फेट-क्षपणकांची संख्या व गंजण्याचा वेग दोन्ही खाली आले. कॅनडातील कोलव्हिल क्षेत्रात १९९६ मध्ये अमोनियम नायट्रेटने चाचणी झाली होती. भारतात मात्र अमोनियम नायट्रेटचा साठा २०१२ च्या स्वतंत्र नियमांखाली येतो आणि त्याचा स्फोटक म्हणून धाक वेगळाच. म्हणून कॅल्शियम किंवा सोडियम नायट्रेटचे द्रावण घ्यावे.

मात्रा अशी काढावी. एक मोल सल्फाइडचे सल्फेटपर्यंत पूर्ण ऑक्सिडीकरण करण्यास १.६ मोल नायट्रेट लागते. केवळ गंधकापर्यंत नेण्यास ०.४ मोल पुरते. पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम सल्फाइड असेल, तर पहिल्या हिशोबाने सुमारे ५८ आणि दुसऱ्याने सुमारे १५ मिलिग्रॅम नायट्रेट लागेल. ॲसिटेटसाठी वेगळी भर घालावी : ६० मिलिग्रॅम ॲसिटेट संपवण्यास सुमारे १०० मिलिग्रॅम नायट्रेट खर्ची पडते. दिवसाला ५,००० घनमीटर पाणी आत जात असेल आणि लिटरमागे ५८ मिलिग्रॅम नायट्रेट द्यायचे असेल, तर रोज सुमारे २९० किलो नायट्रेट, म्हणजेच ४५ टक्के कॅल्शियम नायट्रेटचे सुमारे ८५० किलो द्रावण लागेल. त्यातून पाण्यात लिटरमागे जेमतेम १९ मिलिग्रॅम कॅल्शियमची भर पडते, आणि समुद्राच्या पाण्यात मुळातच चारशेच्या घरात कॅल्शियम असल्याने तिकडे दुर्लक्ष करता येते. बायकार्बोनेट जास्त असलेल्या जमिनीवरील क्षेत्रात मात्र सोडियम नायट्रेटच निवडावे, कारण नायट्रेटचे क्षपण होताना पाण्याची अल्कता वाढते आणि कॅल्शियम हाताशी असेल, तर कार्बोनेटचा नवा थर पडू शकतो. एका स्केलवरचा उपाय दुसऱ्या स्केलचे कारण होतो तो असा, आणि जाहिरातींच्या पत्रकांत ही ओळ कधी नसते.

कमी मात्रा देणे हे काहीच न देण्यापेक्षा वाईट ठरू शकते. अर्धवट ऑक्सिडीकरणातून मूलद्रव्यरूप गंधक तयार होतो आणि तो पोलादाला खोल खड्डे पाडतो. थंड साठ्यांत आणखी एक अडचण येते. अल्बर्टातील मेडिसिन हॅट या सुमारे ३० अंश तापमानाच्या क्षेत्रात नायट्रेट सुरू केल्यावर सल्फाइड आधी उतरले आणि काही आठवड्यांनी पुन्हा चढले. इंजेक्शन-विहिरीजवळचे जिवाणू सगळे नायट्रेट तेलातल्या घटकांवरच खर्चून टाकत होते आणि आतल्या भागापर्यंत ते पोहोचतच नव्हते. तेथे अधूनमधून जास्त तीव्रतेचे झोत देण्याचा उपयोग झाला. म्हणून थंड क्षेत्रात योजनेत पहिल्यापासूनच झोतांची सोय ठेवावी.

हा मार्ग सुरू करण्यापूर्वी जिवाणूनाशकांचे वेळापत्रक तपासावे. ग्लुटारॲल्डिहाइडचे डोस चालू ठेवून त्याच पाण्यात नायट्रेट देणे, म्हणजे ज्यांना वाढवायचे त्यांनाच मारणे. ऑक्सिजन काढणाऱ्या बायसल्फाइटचा जास्तीचा डोसही कमी करावा, कारण बायसल्फाइट सल्फेट-क्षपणकांच्या उपयोगी पडते.

दुसरा मार्ग : आम्ल तयार करणारे जिवाणू

क्लॉड झोबेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात जिवाणूंच्या आम्लाने चुनखडी विरघळते याकडे लक्ष वेधले होते, आणि १९५४ मध्ये अर्कान्सा राज्यातील लिस्बन क्षेत्रात क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम हा जिवाणू मळीसह खडकात सोडून पाहण्यात आला. तो प्रयोग तेलाची वसुली वाढवण्यासाठी होता. जिवाणू साखरेपासून ॲसिटिक, ब्युटिरिक, लॅक्टिक अशी आम्ले आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात, आणि ही आम्ले कार्बोनेटच्या थराला हळूहळू पोखरतात.

येथे हिशोब केल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक किलो कॅल्शियम कार्बोनेट विरघळवण्यास १.२ किलो ॲसिटिक आम्ल लागते. किण्वनातून लिटरमागे सहा ग्रॅम आम्ल मिळाले असे धरले, तर २० घनमीटर द्रावणातून फार तर १०० किलो थर निघेल, आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली विक्रिया मध्येच थांबत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. तेवढेच १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ४,४०० किलो थर विरघळवते. जाड थर साचलेल्या विहिरीत आम्लाचा ट्रक बोलवावा. जिवाणूंची तेथे गरज नाही. नुकत्याच आम्लाने साफ केलेल्या, दिवसाला थोडे पाणी देणाऱ्या, ५० अंशांच्या खालच्या जुन्या विहिरींत मात्र पातळ थर पुन्हा जाड होऊ नये म्हणून ठरावीक अंतराने केलेला जिवाणू-उपचार परवडू शकतो, विशेषतः रस्ता खराब असलेल्या दूरच्या ठिकाणी, जेथे तीव्र आम्लाची वाहतूक हीच मोठी जोखीम असते.

खाद्य म्हणून उसाची मळी महाराष्ट्रात सहज मिळते, पण ती डोळे झाकून वापरू नये. आपल्याकडील बहुतेक साखर कारखाने रस शुद्ध करण्यासाठी चुना आणि गंधकाचा धूर वापरतात; त्यामुळे मळीत कॅल्शियम आणि सल्फेट दोन्ही उतरतात, म्हणजे जिप्समची सामग्री आणि सल्फेट-क्षपणकांचे खाद्य एकाच पिंपात येते. प्रत्येक खेपेचे विश्लेषण मागवावे, निवळ काढून आणि गाळूनच मळी वापरावी, आणि सल्फेट जास्त निघाले, तर साधी साखर किंवा ग्लुकोज महाग पडले तरी चालवून घ्यावे. शिवाय किण्वनातून उरलेले ॲसिटेट हे सल्फेट-क्षपणकांचे आवडते खाद्य असते. म्हणून या उपचाराच्या शेवटी नायट्रेटचा टप्पा ठेवलाच पाहिजे. तो वगळल्यास कार्बोनेट घालवून लोहाचे सल्फाइड घरी आणल्यासारखे होईल.

उरलेले दोन मार्ग

स्केल रोखणारी रसायने जिवाणूंकडून विहिरीतच तयार करून घेण्याची कल्पना आकर्षक आहे. या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या स्टॅटऑइलने, म्हणजे आजच्या इक्विनॉरने, उष्णताप्रिय जिवाणू कणांत बांधून विहिरीत ठेवण्याच्या दिशेने काम केले आणि पेटंटही घेतले. नेहमीच्या वापरात ती पद्धत आलेली नाही. जनुकीय बदल केलेला जिवाणू असेल, तर भारतात १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीकडे जावे लागते, आणि तेलविहिरीसारख्या खुल्या वापरासाठी ती वाट लांबची आहे. त्यापेक्षा बॅसिलस सबटिलिस किंवा बॅसिलस लायकेनिफॉर्मिस यांच्या किण्वनातून कारखान्यातच मिळवलेले पॉलिग्लुटामिक आम्ल नेहमीच्या स्क्वीझ पद्धतीने, म्हणजे दाबाने ढकलून, खडकात सोडणे व्यवहार्य आहे. त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे वाढीचा, खाद्याचा किंवा परवानगीचा प्रश्न राहत नाही. फक्त विहिरीच्या तापमानाला ते किती दिवस टिकते, एवढे तपासावे.

सल्फेट-क्षपणकांनाच कामाला लावून जिप्सम विरघळवण्याचा प्रस्ताव अधूनमधून पुढे येतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर आहे, पण प्रत्येक मोल सल्फेटमागे एक मोल सल्फाइड तयार होते. विहिरीत हे करू नये. सल्फेट काढायचेच असेल, तर ते समुद्राच्या पाण्यातून आत सोडण्यापूर्वी नॅनोफिल्टरने काढावे. बेरियमच्या स्केलवरही तोच खरा प्रतिबंध आहे, आणि सल्फेट-क्षपणकांची उपासमार हा त्याचा वरचा फायदा.

प्रयोगशाळेतील चाचणी

विहिरीतून काढलेला खरा थर, तेथलेच पाणी आणि थोडे तेल घेऊन बंद बाटल्यांत विहिरीच्या तापमानाला चाचणी करावी. प्रत्येक मालिकेत निदान चार बाटल्या हव्यात : जिवाणू व खाद्य दोन्ही असलेली, फक्त खाद्य असलेली, फक्त जिवाणू असलेली आणि निर्जंतुक केलेली. दुसऱ्या बाटलीतही तितकाच परिणाम दिसला, तर बाहेरचा जिवाणू विकत घेण्याचे कारण उरत नाही. थराचे वजन चाचणीच्या आधी व नंतर घ्यावे आणि द्रावणातील कॅल्शियम किंवा लोह त्याच्याशी ताडून पाहावे. दोन्ही हिशोब जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर खडकाच्या चुऱ्याने भरलेल्या नळीतून किंवा विहिरीतून काढलेल्या खडकाच्या खऱ्या गाभ्यातून (कोअरमधून) द्रावण पाठवून दाबातील फरक मोजावा. पार्यता उपचारानंतर दहा टक्क्यांहून अधिक घटली, तर जिवाणूंची किंवा खाद्याची मात्रा कमी करून पुन्हा पाहावे. पोलादाच्या पट्ट्या त्याच द्रावणात ठेवून गंजण्याचा वेग आणि खड्डे दोन्ही तपासावेत. ही पायरी घाईत गाळली जाते. सेंद्रिय आम्लाखाली झाकलेले पोलाद किती लवकर खाल्ले जाते हे मग ट्यूबिंग बदलताना कळते.

विहिरीवरचे काम

नायट्रेटच्या मार्गात विहीर बंद ठेवावी लागत नाही. ऑक्सिजन काढल्यानंतरच्या बिंदूवर पंपाने सतत डोस द्यायचा असतो. आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंच्या मार्गात काम टप्प्यांचे आहे. आधी ट्यूबिंगमधला गंज व सैल गाळ साफ करावा, नाहीतर तो सगळा खडकाच्या तोंडाशी ढकलला जाईल. मग द्रावकाने मेण काढावे. भारतात मेण खाणाऱ्या जिवाणूंचे विहीर-उपचार टेरी ही संशोधन संस्था आणि ओएनजीसी यांच्या कामातून रूढ झाले आहेत आणि २००७ मध्ये त्यासाठी संयुक्त कंपनीही निघाली. टाक्या, पंप आणि मनुष्यबळ यांची तीच व्यवस्था येथे चालते. मेणावर मिळालेले यश मात्र स्केलवरचे यश म्हणून मोजू नये.

द्रावणाचे आकारमान ठरवताना विहिरीभोवती दीड मीटर त्रिज्येपर्यंत पोहोचायचे, उत्पादक थर १० मीटर जाडीचा आणि सच्छिद्रता २० टक्के, असे धरले तर सुमारे १४ घनमीटर लागतात. ते खडकात ढकलण्यासाठी ट्यूबिंगच्या आकारमानाइतके पाणी मागून द्यावे. पावणेतीन-तीन इंची नेहमीच्या ट्यूबिंगमध्ये मीटरमागे सुमारे तीन लिटर मावतात, म्हणजे १,५०० मीटरला साडेचार घनमीटर. मागून देण्याचे पाणी ऑक्सिजनरहित आणि त्याच विहिरीचे असावे. पंपाचा दाब खडक फुटण्याच्या दाबाच्या खाली ठेवावा. त्यानंतर विहीर बंद करून प्रयोगशाळेत आम्लनिर्मिती जेवढ्या दिवसांत पूर्ण झाली तेवढी वाट पाहावी. साधारणपणे हा काळ एक ते तीन आठवड्यांचा असतो.

विहीर पुन्हा उघडताना चोक हळूहळू सोडावा. आत विरघळलेले कॅल्शियम आता बायकार्बोनेटसह वर येत असते, आणि दाब एकदम उतरवला तर तेच कार्बोनेट ट्यूबिंगमध्ये नव्याने साचते. पहिले काही दिवस वरच्या बाजूला नेहमीचा स्केल-रोधक द्यावा. परतलेले पहिले पाणी वेगळ्या टाकीत घ्यावे आणि सल्फाइड, सामू व जिवाणूंची मोजणी झाल्यावरच उत्पादन-वाहिनीत सोडावे.

लोहाच्या सल्फाइडचा जुना साठा असलेल्या विहिरीत आम्लाचा कोणताही उपचार, जिवाणूंचा असो वा पिंपातला, विषारी वायूची तयारी ठेवूनच करावा. एक किलो सल्फाइड पूर्ण विरघळले तर सुमारे २८० लिटर हायड्रोजन सल्फाइड सुटते. बंदिस्त जागेत त्याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वायुमापक, श्वसनयंत्रे आणि तेलखाण नियमावली, २०१७ मधील तरतुदी या कामाच्या पहिल्या दिवसापासून लागू समजाव्यात.

देखरेख

उपचारापूर्वी निदान तीन महिन्यांची आधाररेषा हवी. ती नसेल तर काम पुढे ढकलावे. उत्पादन वाढले एवढ्यावरून यश ठरवू नये, कारण विहीर नुसती काही दिवस बंद ठेवून उघडली तरी पहिल्या आठवड्यात उत्पादन चढते. शक्य असल्यास तशाच गुणधर्मांची एक शेजारची विहीर उपचाराविना ठेवावी आणि तीही तेवढेच दिवस बंद ठेवून उघडावी.

कार्बोनेटसाठी विहिरीच्या तोंडाशी येणारे कॅल्शियम व बायकार्बोनेट यांची खडकातील पाण्याशी तुलना करावी. दोन्हींत एकत्र घट दिसली, तर वाटेत थर साचतो आहे. लोहाच्या सल्फाइडसाठी सल्फाइड, विरघळलेले लोह, उरलेले नायट्रेट व नायट्राइट आठवड्यातून एकदा मोजावे. उत्पादन-विहिरीत नायट्रेट दिसू लागले, तर मात्रा गरजेपेक्षा जास्त आहे. नायट्राइट अजिबात नाही आणि सल्फाइड चढते आहे, तर नायट्रेट वाटेतच संपते आहे. गंजमापक पट्ट्या दर तिमाहीस काढाव्यात आणि त्यांवरील खड्डे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत, कारण सरासरी वेग समाधानकारक असतानाही एखादा खड्डा ट्यूबिंग भेदून जाऊ शकतो.

उपचार थांबवण्याच्या अटी कामाला हात घालण्यापूर्वीच लिहून ठेवाव्यात. सल्फाइड आधाररेषेच्या वर सलग चार नमुन्यांत राहिले, इंजेक्शनचा दाब त्याच पाण्याच्या प्रमाणाला सतत वाढत गेला, किंवा पट्ट्यांवर नवे खड्डे आढळले, तर खाद्याचा पुरवठा त्या दिवशीच बंद करावा, नायट्रेट चालू ठेवावे, आणि थराचा व पाण्याचा ताजा नमुना घेऊन गणना पुन्हा पहिल्यापासून करावी.